खजिना कुणाचा?

झाडावरून नारळ पडतो तो सोडणासकट, हे कोकणातल्या कुठल्याही पोराला सांगावं लागत नाही. एडिंबरोच्या रॉबर्ट मायकल बॅलेंटाइनला मात्र ते ठाऊक नव्हतं. त्याने नारळ पाहिला होता तो दुकानात मांडलेला, सोललेला. त्यामुळे १८५७ च्या अखेरीस आलेल्या ‘द कोरल आयलंड’ या त्याच्या कादंबरीत पॅसिफिकमधल्या बेटावर अडकलेली तीन मुलं खिशातल्या चाकूने नारळाला भोक पाडतात आणि पाणी पिऊन मोकळी होतात. सोडण सोलण्याची खटपट त्यांच्या वाट्याला येतच नाही.

पुस्तक धडाक्याने खपलं आणि चूक चव्हाट्यावर आली. दुसऱ्या एखाद्या लेखकाने ती हसून सोडून दिली असती. बॅलेंटाइनने मनाला लावून घेतली. तो स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा श्रद्धाळू माणूस होता आणि मुलांसाठी लिहिणं हे त्याच्या लेखी धर्मकार्यच होतं. ज्या पुस्तकातून मुलाला खरं बोलायला शिकवायचं, त्याच पुस्तकात नारळ खोटा असून कसं चालेल? यापुढे जे लिहायचं ते स्वतः पाहून, असं त्याने ठरवलं आणि पाळलंही. ‘द लाइटहाउस’साठी तो बेल रॉकच्या दीपगृहात राहिला, ‘फायटिंग द फ्लेम्स’साठी लंडनच्या अग्निशामक दलाबरोबर हिंडला, ‘डीप डाउन’साठी कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणीत उतरला. मग १८७६ मध्ये आली ‘अंडर द वेव्ह्ज’. ही कादंबरी पाणबुड्यांची आणि बुडालेल्या सोन्याची. तिच्यासाठी तो जड पोशाख चढवून स्वतः पाण्याखाली गेला.

ख्रिस्ती साहसकथा, पाणबुडे आणि खजिना ही तीन टोकं या एका पुस्तकात एकत्र येतात. तिथून मागे गेलं की सतराव्या शतकातला एक धर्मोपदेशक भेटतो आणि पुढे आलं की मुंबईला निघालेली एक बोट. या सगळ्या वाटेवर एक प्रश्न पुन्हापुन्हा आडवा येतो: वर काढलेला खजिना कुणाचा?

उपदेश आणि सोनं

प्रश्न अवघड होण्याचं कारण बायबलमध्येच आहे. डोंगरावरच्या प्रवचनात येशूची शिकवण स्पष्ट आहे. पृथ्वीवर धन साठवू नये, तिथे कसर लागते आणि चोर घर फोडतात. धन साठवायचं ते स्वर्गात. आणि मुलांना तर गोष्ट हवी असते पेट्या, मोहरा आणि नकाशांची. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये स्वस्त छापखाने आले, शाळा वाढल्या आणि पेनीला एक या दराने खून-दरोड्यांच्या चोपड्या गल्लोगल्ली विकल्या जाऊ लागल्या. त्यांना तोंड द्यायचं तर नुसता उपदेश पुरणार नाही, हे धार्मिक प्रकाशकांनी ओळखलं. १७९९ मध्ये स्थापन झालेल्या रिलिजस ट्रॅक्ट सोसायटीने १८७९ मध्ये ‘बॉइज ओन पेपर’ हे साप्ताहिक काढलं. त्यात वादळं होती, वाघ होते, जहाजं फुटत होती, आणि धर्म बेताने, कडेकडेने पेरलेला होता. बॅलेंटाइन तिथे लिहीत असे.

म्हणजे या लेखकांपुढचा पेच असा: सोन्याशिवाय वाचक येत नाही आणि सोन्याचा लोभ हे पाप. यातून निघालेल्या वाटा पाहण्याजोग्या आहेत.

ईश्वरी कृपेने सापडलेली चांदी

सर्वांत जुनी वाट बॅलेंटाइनच्या दोनशे वर्षं आधीची आणि ती कादंबरीतली नाही. विल्यम फिप्स हा आजच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर जन्मलेला, जहाजं बांधणारा सुतार. १६४१ मध्ये ‘न्वेस्त्रा सेन्योरा दे ला कोन्सेप्सियोन’ हे स्पॅनिश जहाज हिस्पॅनियोला बेटाच्या उत्तरेला प्रवाळाच्या खडकांवर फुटलं होतं. मेक्सिकोहून स्पेनला चाललेल्या त्या जहाजात चांदी खच्चून भरलेली होती. फिप्सने इंग्लंडमध्ये भांडवलदार गाठले आणि १६८७ मध्ये त्याच्या माणसांना ते जहाज सापडलं.

सापडलं कसं, ती हकिकत बॉस्टनचा प्युरिटन धर्मोपदेशक कॉटन मॅदर याने फिप्सच्या चरित्रात दिली आहे. शोध फसला असं समजून माणसं परत निघाली होती. होडीच्या काठावरून वाकून पाहताना एकाला खडकातून वर आलेलं पिसासारखं समुद्री झाड दिसलं. ते आणायला त्याने एका अमेरिकन इंडियन पाणबुड्याला खाली धाडलं. तो झाड घेऊन वर आला आणि म्हणाला, खाली तोफा पडल्या आहेत. पुढचे काही आठवडे चांदी वर येत राहिली. नाण्यांच्या थैल्यांवर चुनखडीचं जाड कवच चढलेलं होतं. ते लोखंडी पहारींनी फोडलं की आतून नाणी घळाघळा सांडत. एकूण माल दोन लाख पौंडांहून अधिक किमतीचा निघाला. राजाने आपला हिस्सा घेतला, पैसा घातलेल्यांनी आपला. फिप्सला सरदारकी मिळाली आणि १६९२ मध्ये तो मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला. सेलमचे कुप्रसिद्ध चेटकीण-खटले चालवणारं न्यायालय त्यानेच नेमलं.

मॅदरच्या मते हा सगळा देवाच्या कृपेचा दाखला होता: प्रामाणिक, कष्टाळू माणसाला देवाने वाट दाखवली. खजिन्याच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर, देवाने दिला म्हणून माझा. पण हे उत्तर देताना काही माणसं चौकटीबाहेर राहिली. ती चांदी मेक्सिकोच्या खाणींतून ज्यांनी उपसली ते मजूर, आणि नुसत्या छातीतल्या श्वासावर समुद्रतळाशी जाऊन ज्यांनी ती पुन्हा उपसली ते पाणबुडे. फिप्सचं नाव इतिहासाने जपलं. समुद्री झाड तोडून आणणाऱ्या पाणबुड्याचं नाव मॅदरने नोंदवलेलं नाही.

शिशाचे तळवे

बॅलेंटाइनच्या काळापर्यंत पाण्याखालचं काम हा रीतसर धंदा झाला होता. १८२० च्या दशकात चार्ल्स डीनने धुरात शिरण्यासाठी बनवलेल्या टोपातून पाणबुड्याचा टोप निघाला. मूळचा जर्मन असलेल्या ऑगस्टस सीबे या लंडनच्या कारागिराने पुढे टोप आणि अंगरखा एकमेकांना घट्ट जोडून बंद पोशाख तयार केला. १७८२ मध्ये पोर्ट्स्मथजवळ बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेचे अवशेष हटवण्याचं काम कर्नल पास्लीने १८३९ पासून हाती घेतलं, तेव्हा सैन्यातल्या माणसांनी हाच पोशाख वापरला. त्या कामातली एक हकिकत पाणबुड्यांच्या जगात फार प्रसिद्ध आहे. सापडलेल्या वस्तूवर पहिला हक्क कुणाचा यावरून जोन्स आणि गर्व्हन या दोघांत समुद्रतळाशीच हाणामारी झाली आणि जोन्सच्या लाथेने गर्व्हनच्या टोपाची काच फुटली. गर्व्हन बुडता बुडता वाचला. पुढे दोघांची गट्टी जमली म्हणतात.

पोशाख चढवायलाच दोन मदतनीस लागत. जाड लोकरी कपड्यांवर रबर बसवलेला कॅन्व्हासचा एकसंध अंगरखा, मनगटाला घट्ट रबरी पट्टे, गळ्याशी धातूचं कडं. पायात शिशाच्या तळव्यांचे बूट, छातीवर आणि पाठीवर शिशाची वजनं. शेवटी तांब्याचा टोप फिरवून कड्यात बसवायचा आणि पुढची काच आवळायची. काच आवळली की बाहेरचं जग बंद. ऐकू येते फक्त पंपाने ढकललेली हवा. जमिनीवर या ओझ्याखाली पाऊल उचलवत नाही आणि पाण्यात याच ओझ्याशिवाय तळाशी उभं राहवत नाही. कमरेला बांधलेल्या दोरीला किती हिसके दिले म्हणजे काय, याची भाषा आधी ठरलेली असे. होडीतल्या माणसाचं लक्ष दोरीवरून हललं तर खालचा माणूस संपला.

बॅलेंटाइनने सीबे आणि गोर्मन यांच्या कारखान्याकडून माहिती घेतली, पण पाण्यात उतरला तो पॅरिसच्या देनेरूझ कंपनीचा पोशाख घालून. खाणीत काम करणारा इंजिनिअर रुकेरोल आणि नौदलातला अधिकारी देनेरूझ या दोघा फ्रेंचांनी १८६० च्या दशकात पाठीवर बसणारी हवेची टाकी बनवली होती. श्वास आत ओढला की तिची झडप उघडे आणि हवेचा दाब पाण्याच्या दाबाइतका आपोआप होई. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो, हे पाणबुड्यांना कानाच्या ठणक्यावरून कळत होतं. वर आल्यावर सांधे का धरतात, काही जण लुळे का पडतात, हे मात्र अजून कोडंच होतं. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, हे पॉल बेर या शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये सिद्ध केलं. थांबत थांबत वर येण्याची कोष्टकं हॉल्डेनने तयार केली ती तर १९०८ मध्ये.

ही सगळी यंत्रविद्या कादंबरीत ठासून भरली आहे. तरुण इंजिनिअर एडगर बेरिंग्टनला पाणबुड्याचं काम शिकवतो तो जो बाल्डविन, मुरलेला पाणबुड्या आणि सश्रद्ध माणूस. सोबतीला रूनी माखाउल हा गप्पिष्ट आयरिश. पूर्वेकडच्या समुद्रात बुडालेलं सोनं आहे, चाचे आहेत, पळवून नेलेली नायिका आहे. मसाला नेहमीचाच, नायक मात्र नेहमीचे नाहीत. हे कुणी भटके साहसवीर नव्हेत, कामकरी माणसं आहेत. दोरी तपासणं, पंपावरच्या सोबत्यावर विश्वास टाकणं, दारू न पिता कामावर येणं, हेच त्यांचं सदाचरण. बाल्डविनचा धर्म प्रवचनापेक्षा त्याच्या हातात जास्त दिसतो.

बॅलेंटाइनने काढलेली वाट ही अशी. खजिना शोधणं हे नशीब नव्हे, देणगीही नव्हे, ते काम आहे. इंग्लंडचा सागरी कायदाही हेच सांगत होता. बुडालेला माल मूळ मालकाचाच राहतो आणि जीव धोक्यात घालून तो वाचवणाऱ्याला योग्य मोबदला मिळतो. लोभाच्या जागी मेहनताना आला आणि उपदेश व सोनं एकाच पुस्तकात सुखाने नांदू लागले. खुद्द लेखकाच्या वाट्याला मात्र फारसं सोनं आलं नाही. ‘द कोरल आयलंड’चे हक्क त्याने एकरकमी विकून टाकले होते, पुढच्या असंख्य आवृत्त्यांचा नफा प्रकाशकाच्या घरी गेला.

निमोचं उलट उत्तर

देनेरूझच्या त्याच यंत्राने आणखी एका कादंबरीकाराला भुरळ घातली होती. ज्यूल व्हर्नच्या ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ या १८६९-७० मधल्या कादंबरीत कॅप्टन निमो याच यंत्राची सुधारलेली आवृत्ती वापरतो. भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळे व्हर्न मराठी मुलांना घरचाच वाटतो, म्हणून ही तुलना आपल्याला सोपी जाते.

१७०२ च्या लढाईत स्पेनच्या व्हिगो उपसागरात बुडालेल्या जहाजांचं सोनं निमो बिनदिक्कत उचलतो. मालक, कायदा, विमा यांची पर्वा त्याला नाही. पण तो ते स्वतःसाठी साठवत नाही; तुर्कांविरुद्ध उठलेल्या क्रीटच्या बंडखोरांकडे पोचवतो. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर शार्कच्या तावडीतून सोडवलेल्या गरीब मोती काढणाऱ्याच्या हातात तो मोत्यांची थैली ठेवतो. हा माणूस असा का वागतो, याचा उलगडा ‘मिस्टिरियस आयलंड’मध्ये होतो: निमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढून सर्वस्व गमावलेला. खजिना कुणाचा, या प्रश्नाला त्याचं उत्तर असं की ज्यांच्याकडून तो लुटला गेला त्यांच्यासारख्यांचा.

निमोचं हे उत्तर ख्रिस्ती लेखकाला मानवणारं नव्हतं. तरी त्या मोती काढणाऱ्यापुढे बाल्डविनला उभं केलं की बॅलेंटाइनच्या पुस्तकातली पोकळी दिसते. इंग्रज कामगाराला तिथे मान आहे. पूर्वेकडच्या माणसाला नाही.

जिथे पडताळणी थांबली

‘अंडर द वेव्ह्ज’मधले चाचे क्रूर आणि कपटी आहेत, पूर्वेकडचे नोकर विनोदापुरते. या भागाची माहिती कुठून आली, तेही बॅलेंटाइन प्रस्तावनेत प्रांजळपणे सांगतो: सारावाकच्या राजाच्या नोकरीत पूर्वी असलेल्या एका कॅप्टनकडून. सारावाकचा हा राजा म्हणजे बोर्निओच्या किनाऱ्यावर राज्य थाटून बसलेल्या इंग्रज ब्रूक घराण्यातला. १८४९ मध्ये पहिल्या ब्रूकच्या आणि ब्रिटिश नौदलाच्या तुकड्यांनी बेटिंग मारू इथे स्थानिक होड्यांच्या ताफ्याचा संहार केला. ‘चाचे’ ठरवलेल्या माणसांच्या डोईमागे इनाम देण्याचा कायदा तेव्हा लागू होता आणि या एका रात्रीपोटी २०,७०० पौंड मंजूर झाले. ते खरोखर चाचे होते की ब्रूकच्या विरोधातले लोक, यावर ब्रिटिश संसदेतही वाद रंगला.

सोनं काढण्याचे पैसे आणि डोकी उडवण्याचे पैसे, दोन्ही त्याच समुद्रातले. कादंबरीत आले फक्त पहिले. टोपाची काच, शिशाचं वजन, कानाचा ठणका यांची खातरी बॅलेंटाइनने स्वतः करून घेतली. माणसांच्या बाबतीत मात्र एका बाजूचं ऐकून तो थांबला. नारळाची चूक त्याला सलली, कारण ती दाखवून देणारे होते. मलाया किंवा चीनच्या किनाऱ्यावरचा वाचक त्याला पत्र लिहून चूक दाखवणार नव्हता. ‘द कोरल आयलंड’चा हिशोबही पुढे वाचकानेच चुकता केला. विल्यम गोल्डिंगने १९५४ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ लिहिताना राल्फ आणि जॅक ही बॅलेंटाइनच्या मुलांची नावं घेतली, आणि रानटीपणा बेटवासीयांत नव्हे तर त्या सभ्य मुलांतच दाखवला.

‘द कोरल आयलंड’ आली त्याच १८५७ साली बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ मुंबईत प्रसिद्ध झाली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो, आणि तीही धर्मोपदेशासाठीच लिहिलेली. पण पदमनजींचा प्रवास विधवांच्या दुःखातून जातो. ती माणसं त्यांच्या डोळ्यांसमोरची होती. एकच धर्म, एकच हेतू, पण कल्पित चाच्यांऐवजी ओळखीच्या बायका आल्या की लेखकाची जबाबदारीही वाढते.

मुंबईला न पोचलेलं सोनं

बॅलेंटाइन १८९४ मध्ये रोममध्ये वारला. त्याच्या कादंबरीसारखीच एक मोहीम पुढे प्रत्यक्षात घडली आणि तिचा धागा मुंबईशी जुळतो. मे १९२२ मध्ये पी अँड ओ कंपनीची ‘इजिप्त’ ही बोट लंडनहून मुंबईला निघाली. तिच्या कोठारात दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचं सोनं-चांदी होतं. २० मेच्या संध्याकाळी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ दाट धुक्यात ‘सेन’ ही फ्रेंच बोट तिच्यावर आदळली आणि वीसेक मिनिटांत ‘इजिप्त’ तळाला गेली. ऐंशीहून अधिक माणसं मेली. खलाशांत हिंदी लोकांचा मोठा भरणा होता.

बोट पडली होती सुमारे १२० मीटरवर. इतक्या खोल रबरी पोशाखातला माणूस काम करू शकत नव्हता. इटलीच्या सोरिमा कंपनीने निराळी युक्ती केली. जाड काचांच्या पोलादी कोठडीत एक जण खाली जाई आणि टेलिफोनवरून सांगे: डावीकडे, थोडं पुढे, सोडा. वरून सोडलेला यांत्रिक पंजा त्या आवाजाच्या भरवशावर बोटीचे पत्रे उचकटत असे. डिसेंबर १९३० मध्ये दुसऱ्याच एका बुडालेल्या जहाजातली स्फोटकं उडून सोरिमाची ‘आर्तिल्यो’ ही बोट फुटली आणि तिचा मुख्य पाणबुड्या अल्बेर्तो ज्यान्नी सोबत्यांसह मारला गेला. उरलेल्यांनी नवं जहाज घेऊन काम पुढे चालू ठेवलं. २२ जून १९३२ रोजी पंज्यातून पहिलं सोनं डेकवर पडलं.

त्याआधी पंज्यात निजामाच्या हैदराबाद संस्थानासाठी इंग्लंडमध्ये छापलेल्या रुपयांच्या नोटा आल्या होत्या. त्यांवर अजून सही व्हायची होती. निजामाच्या नोटांवर उर्दू-इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडही असे. औरंगाबाद, बीड, परभणीच्या बाजारात चालायचे ते कागद दहा वर्षं समुद्राखाली पडून होते.

इथे मालकीचा वाद फारसा नव्हता. विमा देणाऱ्यांनी भरपाई आधीच दिली होती, म्हणून सोनं त्यांचं. सोरिमाचा करार होता ‘काढलंत तर पैसे, नाही तर नाही’ अशा बोलीचा. बॅलेंटाइनला पसंत पडावा असा हिशोब. पण जीव घालवलेल्या पाणबुड्यांना आणि खलाशांना त्या बोलीत जागा नव्हती. मालकी चोख होती, तरी न्याय पुरता होत नव्हता.

पुढच्या काळातल्या काही ख्रिस्ती साहसकथांनी खजिन्याचा पेच आणखी सोपा करून टाकला. अमेरिकन लेखक फ्रँक पेरेटीच्या ‘कूपर किड्स’ मालिकेत बायबलकालीन अवशेष शोधणारा बाप आणि त्याची दोन मुलं आहेत; १९८८ च्या ‘ट्रॅप्ड अ‍ॅट द बॉटम ऑफ द सी’मध्ये मुलगी समुद्रतळाशी अडकते. मालिकेच्या पहिल्या पुस्तकात बंद दाराआड खजिना आहे अशी दंतकथा असते, आणि दार उघडलं की बाहेर येतं संकट. खजिनाच नाही, तेव्हा मालकीचा प्रश्नही नाही. सुटका झाली खरी, पण मेहनताना, मालक, विमा, सोबत्याच्या हातातली दोरी हे सगळं जगही त्याबरोबर गेलं.

म्हणून श्रद्धेने लिहिलेली खजिन्याची गोष्ट हाती आली की तीन गोष्टी तपासाव्यात. सोनं पहिल्यांदा कुणी उपसलं, पाण्याखाली कुणाला पाठवलं, आणि शेवटच्या पानावर वाटणी होताना यांपैकी कोण हजर आहे. फिप्सच्या चरित्रात वाटणीच्या वेळी पहिले दोघेही गैरहजर आहेत. बॅलेंटाइनने दुसऱ्याला, निदान तो इंग्रज कामगार असेल तर, सन्मानाने हजर केलं, आणि ही त्याची खरी कमाई. पहिल्याला हजर करायला मात्र निमोसारखा सर्वस्व गमावलेला राजपुत्र लागला.